चाकांतला समझोता

बैलगाडीला डिफरन्शिअल लागत नाही. तिची दोन्ही चाके आसावर आपापली सुटी फिरतात; वळणावर बाहेरचे जास्त धावते, आतले कमी, आणि कोणाचेच काही अडत नाही. मोटारीत मात्र इंजिनाला चाके फिरवावी लागतात. शाळेतल्या कवायतीत रांग वळताना कडेच्या मुलाला लांब टांगा टाकाव्या लागतात ना, तसे बाहेरच्या चाकाला जास्त फिरू द्यायचे आणि जोर मात्र दोघांनाही पोचवायचा, हा समझोता घडवणारी दंतचक्रे म्हणजे डिफरन्शिअल. फ्रान्समधल्या पेकर नावाच्या कारागिराने 1820 च्या दशकात ती वाफेच्या गाडीसाठी योजली.

चारही चाकांनी ओढणाऱ्या जीपला अशी दोन डिफरन्शिअल असतात, एक मागे, एक पुढे. जुन्या जीपमध्ये त्या दोघांत समेट करणारे तिसरे कोणी नसते. चिखलात चाके थोडी घसरून हिशेब मिटवतात. पण नेरूळच्या पाम बीच रस्त्यासारख्या कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही. तिथे पुढच्या चाकांचा लिव्हर ओढून वळणे घेतली, की सारा ताण दातांवर येतो.

नेरूळजवळच्या शिरवण्यात एका गॅरेजात अशी दुखावलेली जीप मी पाहिली. चॅसिसखाली घोड्या लावलेल्या, पुढची चाके उतरवलेली. ऑइल काढले तेव्हा त्यात लोखंडाचा चकचकीत कीस दिसला. मग प्रॉपेलर शाफ्ट सुटला, दोन्ही बाजूंचे ॲक्सल बाहेर ओढले, झाकण उघडले.

“मिस्त्री, हे खोलायला फार वेळ लागतो का हो?” मी विचारले.

“खोलेल कोणी पोरगाही, सर. वेळ लागतो खुणा करायला.”

बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशा खुणा करूनच त्यांनी बोल्टाला पाना लावला. पातळ शिमांच्या चकत्याही त्यांनी बाजूवार निराळ्या ठेवल्या. टोपी इकडची तिकडे गेली तर बेअरिंग नीट बसत नाही. शिम चुकली तर दातांमधले अंतर बिघडते.

मालकांना खर्चाची धास्ती. “नुसता पिनियन बदलला तर निम्म्यात भागेल ना?”

“नाही साहेब. क्राउन आणि पिनियन एकत्र घासून जुळवलेले असतात. एकटा नवा आणलात तर ओरडेल, आणि जुन्यालाही खाईल.”

मालकांनी मुकाट्याने जोडीचे पैसे काढले.

ज्यांच्या दारी अशी गाडी असेल त्यांनी कोरड्या रस्त्यावर तो लिव्हर सोडलेलाच ठेवावा. आणि कधी पुढचे डिफरन्शिअल उतरवायची पाळी आलीच, तर भाव विचारण्याआधी एवढेच विचारावे: “मिस्त्री, खुणा केल्यात ना?”