तापात मूल सुस्त पडलं, मान ताठ झाली, तर तासाभराचाही उशीर नको

पावसाळा आला की नवी मुंबईतल्या दवाखान्यांत तापाच्या मुलांची गर्दी होते. त्यातले बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि दोन-तीन दिवसांत उतरतात. म्हणून आपण सिरप देतो, ओल्या फडक्याने अंग पुसतो आणि वाट पाहतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण एक ताप असा आहे की त्यात वाट पाहायला दिवस नसतात, तासच असतात. तो म्हणजे बॅक्टेरियामुळे होणारा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज. हा ताप ओळखायचा कसा, डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढायचं म्हटलं तर घाबरायचं का नाही आणि कोणत्या लसी चुकवू नयेत, हे आम्ही इथे सांगत आहोत.

हा आजार काय आहे?

मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवती पातळ आवरण असतं. त्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. जंतू नाक-घशातून रक्तात आणि रक्तातून या द्रवात पोहोचले की आवरणाला सूज येते आणि मेंदूवर दाब वाढतो. न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस हे यातले तीन मुख्य जंतू. नवजात बाळांमध्ये जंतू बऱ्याचदा वेगळे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार बॅक्टेरियाचा मेनिंजायटिस झालेल्या सहापैकी साधारण एक रुग्ण दगावतो आणि पाचपैकी एकाला गंभीर त्रास मागे राहतो. कुणाचं ऐकणं जातं, कुणाला फिट येऊ लागतात, कुणी शिकण्यात मागे पडतं. गरीब देशांत हे नुकसान जास्त होतं. लस न मिळणं आणि इलाजाला उशीर होणं ही त्याची मोठी कारणं. दोन्ही आपल्या वस्त्यांतही घडू शकतात.

ओळखायचं कसं?

मोठ्या मुलात जोराचा ताप, खूप डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं आणि मान ताठ होणं ही लक्षणं दिसतात. हनुवटी छातीला लावायला सांगितलं तर मुलाला जमत नाही. मूल गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल तर ते जास्तच गंभीर.

तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. बाळ दूध ओढत नाही, उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी जास्त रडतं, अंग ढिलं सोडतं, डोक्यावरची टाळू फुगलेली दिसते, आकडी येते. अगदी लहान बाळाला ताप येण्याऐवजी अंग थंडही पडू शकतं. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले आणि काचेचा ग्लास दाबूनही ते फिके पडले नाहीत, तर क्षणभरही थांबू नका. सावळ्या अंगावर ठिपके पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय पाहा.

अशी लक्षणं दिसली तर मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणून देऊ नका. सकाळी ओपीडी उघडेपर्यंतही थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मुलांचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. दुआ करा, दम करा, पण रिक्षात बसल्यावर. त्यासाठी घरी थांबू नका.

पाठीतून पाणी काढणं

रुग्णालयात गेल्यावर डॉक्टर म्हणतात, पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल. आणि इथेच अनेक घरं अडतात. 'पाणी काढलं तर पोरगं लुळं पडेल,' असं कुणी नातेवाईक सांगतो आणि आई-वडील सही करत नाहीत.

ही भीती समजण्यासारखी आहे, पण खरी नाही. सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याखाली घालतात. तिथे नुसता द्रव आणि नसांचे मोकळे धागे असतात. काही थेंब घेतात, आणि शरीर तो द्रव पुन्हा तयार करतं. काही मुलांना नंतर डोकं किंवा कंबर दुखते, ते थोड्या दिवसांत बरं होतं. मेंदूवर दाब खूप असेल किंवा मुलाची तब्येत तेवढी स्थिर नसेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात, पण औषध थांबवत नाहीत.

तपासणी एवढी गरजेची का? बॅक्टेरिया, विषाणू आणि टीबी या तिन्हींमुळे मेनिंजायटिस होतो, आणि वरून तिन्ही सारखेच दिसू शकतात. इलाज मात्र वेगळा. बॅक्टेरियाला शिरेतून अँटिबायोटिक साधारण एक ते तीन आठवडे, टीबीला कित्येक महिने औषधं. पाणी तपासलं नाही तर डॉक्टरांना अंदाजाने इलाज करावा लागतो. आधीच अर्धवट अँटिबायोटिक दिलेलं असेल तर जंतू सापडणं आणखी कठीण होतं. म्हणून मुलाला कोणतं औषध दिलं हे लपवू नका, बाटलीच सोबत न्या. खर्चाची अडचण असेल तर आरोग्यमित्राला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

मूल घरी आल्यावर कानांची तपासणी जरूर करा. ऐकू येत नसल्याचं लवकर कळलं तर त्याचं बोलणं आणि शाळा वाचवता येते.

लसी फुकट आहेत

जन्मानंतर दिली जाणारी बीसीजी लस लहान मुलांना टीबीच्या मेनिंजायटिसपासून वाचवते. पेंटाव्हॅलंट (६, १० आणि १४ आठवडे) हिबपासून, तर पीसीव्ही (६, १४ आठवडे आणि ९ महिने) न्यूमोकोकसपासून. पीसीव्ही महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात २०२१ पासून आहे. खासगीत ती महाग, पण महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. मे महिन्यात गावी गेल्यामुळे डोस राहिला असेल, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस लवकरात लवकर घ्या. गावच्या केंद्रातही तो मिळतो, फक्त कार्ड सोबत ठेवा.

मेनिंगोकोकसची लस मात्र सरकारी वेळापत्रकात नाही. तिची ओळख आपल्याला हजमुळे आहे. १९८७ आणि २००० च्या हजमध्ये या जंतूची साथ पसरली होती. आज सौदी सरकार हज आणि उमऱ्याला जाणाऱ्यांना, एक वर्षावरच्या मुलांनाही, ही लस सक्तीची करतं. ती पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. मुलांना घेऊन उमऱ्याला जाणाऱ्यांनी तिला नुसता कागद समजू नये.

लसीने काय होतं ते आफ्रिकेत दिसलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली मेनॅफ्रिव्हॅक लस २०१० मध्ये बुर्किना फासोपासून सुरू झाली, आणि मेनिंगोकोकस 'ए'च्या साथी तिथून जवळपास नाहीशा झाल्या. आपल्या नवी मुंबईतही २०१८ मध्ये महापालिकेने एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची लस मोफत दिली, तेव्हा पालक रांगेत उभे राहिले होते.

आज घरातलं लसीकरण कार्ड काढा आणि बीसीजी, पेंटा, पीसीव्ही या तिन्हींसमोर तारखा आहेत का ते पाहा. एखादी जागा रिकामी असेल तर कार्ड आणि बाळ घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा, किंवा तुमच्या आशाताईंना विचारा.