‘हलाल आहे का?’ विचारायला लाज कसली?

सेनगावात कोंबडी घेताना आम्ही कधी काही विचारत नाही. दुकानदार ओळखीचा, जबह डोळ्यांसमोर. पुण्यात मात्र मुलांच्या हट्टाखातर ग्रिल्ड चिकनच्या एका साखळी हॉटेलात गेलो, तेव्हा काउंटरवर विचारायला आमची जीभच रेटेना. लोक काय म्हणतील? शेवटी धाकटीनेच विचारलं. तिथल्या मुलाने भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. त्याची मुदत संपलेली! नवं आहे का, हे त्याला सांगता येईना. पनीर मागवावं, तर तेही त्याच जाळीवर भाजलेलं. अखेर बटाट्याच्या चिप्स आणि सरबतावर भागवलं. मुलं हिरमुसली.

साखळीच्या नावावर विसंबू नये, हे तेव्हा पटलं. 1987 मध्ये जोहान्सबर्गला सुरू झालेल्या ‘नँडोज’चंच पाहा. ब्रिटनमध्ये तिच्या काही शाखांत हलाल चिकन मिळतं, काहींत नाही. पाटी एकच, पण चौकशी प्रत्येक शाखेत करावी लागते.

म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र कुणाचं आणि कधीपर्यंतचं? कोंबडी येते कुठून? जाळी नि चिमटे वेगळे आहेत का?

उगाच संशयही नको. नवमुस्लिमांनी आणलेल्या मांसावर अल्लाहचं नाव घेतलं होतं की नाही, अशी शंका आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) बिस्मिल्लाह म्हणून खायला सांगितल्याचं हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. पण जिथे विकणाराच अनोळखी, तिथे नम्रपणे विचारणं हा आपला हक्क आहे.

पुढच्या वेळी धाकटीआधी आम्ही विचारू, इन्शाअल्लाह.