माथी मारलेलं पाप, हातून घडलेलं पाप

अकोला, खामगाव किंवा अमरावतीच्या एखाद्या मराठी मंडळीत संध्याकाळच्या प्रार्थनासभेला बसलं, की पेटी-ढोलकीवर दोन-तीन गीतं होतात आणि मग पाळकसाहेब विचारतात, ‘कुणाला साक्ष द्यायची आहे का?’ थोडी चुळबुळ होते. कुणीतरी उठतं, घसा खाकरतं आणि आपण पूर्वी कसे होतो ते सांगू लागतं. दारू, बायकोला मारहाण, दुकानदाराची बुडवलेली उधारी, शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या भावाशी धरलेला अबोला. मग प्रभूनं कसं हाताला धरलं, हे येतं. ऐकणारे मान डोलावतात. त्यातल्या निम्म्यांना हा इतिहास आधीच ठाऊक असतो, कारण ते त्याच गल्लीत राहतात.

बाहेरून आलेल्याला इथं एक शंका हटकून येते. वर्षानुवर्षं केलेलं एका प्रार्थनेत फिटतं? हे जरा स्वस्तातच झालं, नाही का?

ही शंका रास्त आहे. पण उत्तराआधी एक गोष्ट वेगळी काढावी लागते. आपल्याकडं पापाची ओझी दोन तऱ्हेची. एक आपल्या हातून घडलेल्या पापाचं. दुसरं लोकांनी आपल्या माथी मारलेल्या पापाचं. वऱ्हाडात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या मिशनऱ्यांसमोर बसलेल्या माणसांच्या डोक्यावर बहुधा दुसरं ओझं जास्त होतं. नवरा मेला तो बायकोच्या पूर्वजन्मीच्या पापानं. अंगावर चट्टा उठला तो कुठल्यातरी जन्मीच्या कर्मानं. जात खालची, तीही त्याच हिशेबातली. जे केलंच नाही, त्याचा पश्चात्ताप माणूस करणार कसा?

एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, इथं 1870 च्या दशकात अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी कोरकू आदिवासींमध्ये काम करू लागले. पुढं 1880 च्या दशकात मार्कस आणि जेनी फुलर हे जोडपं अकोल्यात स्थिरावलं आणि अकोला हे अलायन्स मिशनचं वऱ्हाडातलं मुख्य ठाणं झालं. यवतमाळकडं फ्री मेथॉडिस्ट आले. जेनी फुलर यांनी इथल्या बायकांची स्थिती पाहून इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, बालविवाह, वैधव्य आणि देवदासींवर. ते 1900 साली आलं, आणि त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. पुस्तकाचा सूर आज काही ठिकाणी खटकतो. परक्या समाजाचे दोष मोजताना आपलं माप लावायची घाई त्यात आहे. पण विधवेच्या माथ्यावरचं पाप तिचं नव्हे, हे त्या काळी कुणीतरी ठणकावून सांगायला हवंच होतं.

रमाबाईंची गोष्ट इथं जरा थांबून सांगायला हवी. तिच्यात दोन्ही ओझी दिसतात, आणि ती एकाच वेळी उतरत नाहीत, हेही दिसतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे. सगळं कुटुंब पुराणं सांगत, तीर्थं करत देशभर हिंडलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अन्नान्न करत गेली. भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये गेला, पती बिपिनबिहारी 1882 मध्ये. व्रतं, दानं, नवस यांत कुठं उणीव राहिली नव्हती. तरी मोक्षाच्या वाटेवर बाईला जागा नाही, असं शास्त्र त्यांना सांगत होतं. 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना त्या भगिनी सांभाळत होत्या. आपल्याकडं अशा बाईची सावलीही नको असते, आणि इथं तिला जवळ घेतात, हे कशामुळं? रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाण्याला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे होऊन गेलेली, आणि तिच्याकडं पाणी मागणारा येशू. तिथं रमाबाईंचं मन वळलं. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गोष्ट इथं संपली असती तर सरळ झाली असती. पण पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटलं होतं, जीव स्वस्थ नव्हता. विधवांसाठीचं त्यांचं शारदासदन 1889 मध्ये सुरू झालं, जगभर नाव झालं, तरी आतली बोच तशीच. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र हाती आलं. हे गृहस्थ धर्मोपदेशक होऊन वर्षं लोटली होती, आणि एका रविवारी व्यासपीठावर स्वतःचाच उपदेश बोलता बोलता त्यांना आपलं काय चुकतंय ते उमगलं. ते वाचून रमाबाई हलल्या. पहिलं ओझं, बाई म्हणून माथी आलेलं, फुलहॅमला उतरलं होतं. दुसरं, स्वतःचं, आता कुठं दिसू लागलं. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचंही असंच झालं होतं. पाद्री होऊन, परदेशी मिशन करून आल्यावर 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या एका सभेत त्यांना आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री पटली. यवतमाळच्या फ्री मेथॉडिस्टांचं मूळ शोधत गेलं, की ते त्या संध्याकाळपाशी पोचतं.

जून 1905 मध्ये रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली प्रार्थनेत रडून रडून आपली पापं बोलून दाखवू लागल्या. हे दिवसेंदिवस चाललं, आणि पुढं ही लाट वऱ्हाडातल्या मंडळ्यांपर्यंतही आली. तिची वर्णनं भारावून लिहिलेली आहेत. मला मात्र ती वाचताना एक प्रश्न सुटत नाही. यांतल्या कितीतरी मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या. 1896-97 मध्ये रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरून शेकडो मुली घेऊन आल्या होत्या. अकोला आणि खामगावच्या अनाथाश्रमांत भरलेली मुलंही दुष्काळाचीच. ज्या पोराला पोटभर अन्नच मिशनच्या ताटात पहिल्यांदा मिळालं, त्यानं कबूल केलेलं पाप कितपत त्याचं आणि कितपत ताट वाढणाऱ्याला बरं वाटावं म्हणून? रमाबाईंवर हा आरोप त्याआधीच झाला होता. 1893 मध्ये शारदासदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादात रानडे आणि भांडारकर हे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो राग निव्वळ सनातनी नव्हता. पण त्या मुलींना दुसरं कुणी जेवू घालत नव्हतं, हेही खरं.

आता ‘स्वस्तात’ या शंकेकडं येऊ. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दाखला आहे. कर्ज म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. सोसायटीचं थकीत, सावकाराचं वेगळं, कृषी केंद्रावरची बियाण्याची उधारी त्यावर. दाखल्यातल्या चाकरावर राजाचं दहा हजार तलांत येणं आहे. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी, आणि एका तलांताचे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. फेडायचा प्रश्नच नाही. राजा ते सोडून देतो. बाहेर पडताच हाच चाकर आपल्या सोबत्याची मानगूट धरतो, शंभर दिनारांसाठी, म्हणजे तीन-सव्वातीन महिन्यांच्या मजुरीसाठी. राजाला कळतं आणि माफी रद्द होते. क्षमा फुकट आहे, पण ती घेऊन गेलेला माणूस घरी जाऊन कसा वागतो याचा हिशेब मागितला जातो. म्हणून सभेतली साक्ष शेजाऱ्यांपुढं देण्यात अर्थ आहे. दुसऱ्या दिवशी साक्ष देणारा पुन्हा गुत्त्यावर दिसला, तर बघणारे तेच असतात.

कॅथलिकांची रीत निराळी. अमरावती धर्मप्रांत 1955 मध्ये झाला, अकोला त्यातच येतं. तिथं पापाची कबुली चारचौघांत नाही, फादरच्या कानात. फादरला ती कुणालाही सांगता येत नाही, कोर्टातही नाही. फादर पापमोचनाचे शब्द उच्चारतात आणि प्रायश्चित्त देतात, एखादी प्रार्थना, एखादं पुण्यकर्म. चोरलेलं असेल तर परत करणं आलंच. प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्यांना मधला माणूस कशाला, असं वाटतं. मला वाटतं, काही गोष्टी गल्लीपुढं बोलता येत नाहीत, तेव्हा बंद तोंडाचा एक माणूस असणं ही मोठीच सोय.

माथी मारलेलं पाप मात्र शब्दांनी उतरत नाही. अचलपूर-परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारलं, ते ख्रिस्ती नव्हतं. दोन्हीकडं एकच काम झालं. हॅन्सन यांनी 1873 मध्ये कुष्ठरोगाचा जंतू दाखवला होता, तरी गावात रोगी म्हणजे पापी हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडं बोट दाखवून पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, असं विचारतात आणि येशू दोन्ही नाकारतो. पण जखम धुऊन पट्टी बांधणारा हात समोर आल्याशिवाय हे रोग्याच्या घरच्यांना पटत नाही.

जक्कयाची गोष्ट मंडळ्यांत आवडीनं सांगतात. बुटका जकातदार झाडावर चढतो, येशू त्याच्या घरी जेवायला येतो. मुलं नाटुकलं करतात, झाडावर चढणाऱ्याला टाळ्या पडतात. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलतो. ते वाक्य उपदेशात बहुतेक वेळा घाईत उरकलं जातं, आणि धुऱ्याचा दावा कोर्टात तसाच पडून राहतो.