सौंदर्य आणि कलामूल्य : दोन प्रश्नांतील भेद

१. प्रास्ताविक

एखादी कलाकृती पाहून ‘मला ती सुंदर वाटली नाही’ असे आपण म्हणतो आणि पुष्कळदा पुढे जाऊन ‘म्हणून ती कला नव्हे’ असा निष्कर्षही काढतो. ही दोन विधाने भिन्न आहेत. पहिल्यात आपला अनुभव व्यक्त होतो. दुसऱ्यात मूल्यनिर्णय असतो. अनुभव सांगण्यास कारणे लागत नाहीत, मूल्यनिर्णयास लागतात. ती कोणत्या प्रकारची असू शकतात, हे आपण पाहू.

२. सौंदर्यावाचून मूल्य

१९१७ साली न्यूयॉर्कमधील एका प्रदर्शनासाठी मार्सेल द्युशाँ यांनी चिनी मातीचे एक तयार मूत्रपात्र ‘फाउंटन’ या नावाने, ‘आर. मट’ अशी सही करून पाठविले. शुल्क भरणाऱ्या प्रत्येक कलावंताची कृती स्वीकारण्याचे आयोजकांचे धोरण असूनही ती मांडली गेली नाही. मूळ वस्तू पुढे हरवली, तरीही आधुनिक कलेच्या इतिहासात तिचे स्थान अढळ राहिले. या कृतीचे मूल्य तिच्या रूपात शोधून सापडणार नाही. वस्तूला कला कोण ठरवते, हा प्रश्न तिने उभा केला, यात ते आहे. अशा कारणांना आपण संदर्भनिष्ठ कारणे म्हणू.

३. कलाशिक्षणापुढील पेच

मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. युरोपीय शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करणे हा तेथील पूर्वीच्या शिक्षणाचा एक भाग होता. या पद्धतीत शिक्षकाला प्रमाणातील चूक बोट ठेवून दाखविता येते. ‘फाउंटन’सारख्या कृतीपुढे हा मापदंड अपुरा पडतो. मात्र, मापदंड अपुरा पडला म्हणजे कोणतेही मत ग्राह्य ठरते असे नाही. विद्यार्थ्याने आपल्या निवडीचे समर्थन करावे आणि शिक्षकाने ते तपासावे, ही जबाबदारी उलट वाढते.

४. व्हिडिओ गेम : रचनेचे मूल्य

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. खेळाला नियम आणि गुण असतात व त्याचे रूप खेळणारा बदलतो; मग ती कलाकृती कशी, असा आक्षेप त्यावर आला.

संग्रहातील ‘टेट्रिस’ हा खेळ अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत तयार केला. चार चौकोनांचे ठोकळे वरून पडतात. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्यांचा विषय व्हिडिओ गेम नव्हता, तरी ही तत्त्वे येथे लावून पाहा. ठोकळा खाचेत बसतो तो संवाद. नको तो आकार येतो तो विरोध. वाढता वेग सांभाळून पट मोकळा ठेवणे हा समतोल. नीट जुळलेले नाहीसे होते आणि चुका तेवढ्या साचत जातात. ही लय चित्रात कमी आणि खेळणाऱ्याच्या कृतीत अधिक आहे. येथे आपण रचनानिष्ठ कारणे दिली. सादरीकरणाने संगीताची बंदिश कला म्हणून नाकारली जात नाही. मग खेळणाऱ्याच्या सहभागाने खेळ का नाकारावा?

५. साहित्याच्या अभ्यासकासाठी

हा भेद साहित्यातही महत्त्वाचा आहे. सौंदर्याची मीमांसा करणाऱ्या मर्ढेकरांच्याच कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. ज्यांना त्या कविता कुरूप वाटल्या, त्यांचा अनुभव खोटा नव्हता. त्यावरून केलेला निवाडा मात्र घाईचा होता. मराठी नवकवितेचे युग आज आपण त्याच कवितांपासून मोजतो.

६. सारांश

‘आवडले नाही’ हे विचाराचे आरंभस्थान असू शकते, समाप्तीचे नव्हे. रचनानिष्ठ आणि संदर्भनिष्ठ अशी दोन्ही कारणे तपासल्यावरच मूल्यनिर्णय करावा. त्यानंतरही तो प्रतिकूल असू शकतो. पण मग तो केवळ नावड राहत नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. तुम्हाला न आवडलेली एक कविता निवडा. तिच्या बाजूने एक रचनानिष्ठ आणि एक संदर्भनिष्ठ कारण लिहा.
२. मर्ढेकरांच्या लयतत्त्वांनी ‘फाउंटन’चे मूल्य स्पष्ट होते का? तुमच्या उत्तराची कारणे द्या.