टी-टॉटचा चेला

19 ऑक्टोबर 1952 रोजी न्यू ऑर्लिन्सच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये एकाच जोडप्याचं दोनदा लग्न लागलं, आणि दोन्ही वेळा तिकीट लावून. दुपारी तीनला रंगीत तालीम, संध्याकाळी सातला मुख्य प्रयोग. दोन्ही खेळ मिळून सुमारे चौदा हजार वऱ्हाडी जमले. गंमत म्हणजे आदल्याच रात्री नवरानवरीनं एका दंडाधिकाऱ्यापुढे लग्न उरकूनही घेतलं होतं. नवरा होता हँक विल्यम्स, वय 29, अमेरिकेच्या कंट्री संगीतातला त्या काळचा सर्वांत मोठा गायक आणि गीतकार.

अडीच महिन्यांनी तो गेला.

कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं खेड्यापाड्यांचं संगीत. त्यात गोऱ्या शेतकऱ्यांचं फिडल आहे, चर्चमधली भजनं आहेत आणि कृष्णवर्णीयांचं ब्लूजही आहे. शहरी लोक त्याला ‘हिलबिली’ म्हणजे डोंगरातल्या गावंढळांचं संगीत म्हणून हिणवत. हँक या गावंढळांपैकीच एक. 17 सप्टेंबर 1923 रोजी अलाबामातल्या माउंट ऑलिव्ह इथे त्याचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव हायरम. वडील लाकूड कंपन्यांच्या रेल्वेवर कामाला होते. हँक सहा-सात वर्षांचा असताना ते दीर्घ आजारानं रुग्णालयात गेले, ते वर्षानुवर्षं तिथेच राहिले. आई लिली हिनं भाडेकरू ठेवून, त्यांना जेवू घालून घर चालवलं. पोराच्या मणक्यात जन्मजात दोष होता. कष्टाची कामं जमण्यासारखी नव्हती, तेव्हा तो शेंगदाणे विकायचा, बूट पॉलिश करायचा आणि रस्त्यावरच्या एका गवयाच्या मागे मागे फिरायचा.

त्या गवयाचं नाव रूफस पेन. लोक त्याला ‘टी-टॉट’ म्हणत. दारूला न शिवणाऱ्याला इंग्रजीत टीटोटलर म्हणतात; त्यावरून हे नाव पडलं, तेही थट्टेनंच, असं सांगतात. पेन कृष्णवर्णीय होता. काळ्यागोऱ्यांच्या शाळा, चर्च, बाकडी, सगळं कायद्यानं वेगळं असलेल्या अलाबामात एक गोरा मुलगा त्याच्याकडून भर रस्त्यात गिटार शिकला. गुरुदक्षिणा म्हणजे चार नाणी, नाहीतर आईच्या हातचं जेवण. आपलं संगीताचं सगळं शिक्षण याच माणसाकडून झालं, असं हँकनं पुढे वृत्तपत्राला सांगितलं. हा नुसता विनय नव्हता. हँकच्या गाण्यातला ठेका, शब्द ताणून सोडण्याची लकब आणि समोरच्या गर्दीला बोलतं करण्याची हातोटी ऐकली, की हे शिक्षण वर्गात झालेलं नाही हे कळतं.

1937 मध्ये कुटुंब माँटगोमेरीला आलं आणि मुलगा तिथल्या डब्ल्यूएसएफए रेडिओवर गाऊ लागला. त्यानं ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’ हा वाद्यवृंद काढला. गुरं कधी राखली नव्हती, पण डोक्यावर काउबॉय टोपी कायमची बसली. दारूही तेव्हाच लागली. पाठीमुळे सैन्यानं नाकारलं, म्हणून युद्धकाळात त्यानं मोबीलच्या जहाजबांधणी गोदीत काम केलं. 1944 मध्ये त्यानं ऑड्री शेपर्डशी लग्न केलं, एका पेट्रोल पंपावर. या माणसाची लग्नं साध्या जागी लागायचीच नाहीत.

1946 मध्ये हँक नॅशव्हिलला फ्रेड रोझकडे गेला आणि त्याच्या गाण्याला दुसरा गुरू मिळाला. रोझ मूळचा शहरी, शिकागोच्या नाइटक्लबांत पियानो वाजवून आणि लोकप्रिय गाणी लिहून वर आलेला. रॉय अकफ या गायकाबरोबर त्यानं 1942 मध्ये गीतप्रकाशनाची कंपनी काढली होती. हँकला स्वरलिपी येत नव्हती. तो ओळी खरडून आणायचा. रोझ फापटपसारा काढायचा, सैल ओळ आवळायचा, कधी अडलेला कडव्याचा जोड बसवून द्यायचा. हँकची गाणी म्हणजे काळजातून थेट उसळलेलं काहीतरी, असं चाहत्यांना वाटतं. ते खरंही आहे, पण अर्धंच. तीन-चार कॉर्ड आणि रोजच्या बोलण्यातले शब्द एवढ्यात अख्खं दुःख मावावं, यासाठी बरीच काटछाट लागते. 1949 च्या ‘आय एम सो लोनसम आय कुड क्राय’मध्ये रातव्याच्या जातीचा एक पक्षी, मध्यरात्रीची आगगाडी आणि निखळता तारा असलंच साधं सामान आहे. ते गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं होतं!

लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते मात्र दुसऱ्यांच्या गाण्यामुळे. ‘लव्हसिक ब्लूज’ हे 1922 चं जुनं गाणं. रोझला ते मुळीच पसंत नव्हतं. हँकनं हट्टानं ते डिसेंबर 1948 मध्ये सिनसिनाटीत ध्वनिमुद्रित केलं. किशोरकुमारमुळे आपल्याला ओळखीचं झालेलं यॉडलिंग, तसा आवाज मोडत त्यानं ते गायलं, आणि ते कंट्रीच्या यादीत सोळा आठवडे पहिलं राहिलं. 11 जून 1949 रोजी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’त, म्हणजे या संगीताच्या दरबारात, त्याचं पदार्पण झालं तेव्हा लोकांनी वन्समोअरवर वन्समोअर दिले.

पुढची तीन वर्षं सुगीची. डॉन हेल्म्सची स्टील गिटार, आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात ती, मागे रडायची आणि पुढे हँक हिट गाणी देत जायचा. 1951 मध्ये टोनी बेनेटनं त्याचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ गायलं आणि गावंढळांचं गाणं न्यूयॉर्कच्या पॉप बाजारात पहिलं आलं. त्याच वर्षी हॅडकॉल नावाच्या ‘टॉनिक’च्या जाहिरातदौऱ्यातही तो गायला. त्या टॉनिकात बारा टक्के अल्कोहोल होतं.

मग सगळं भराभर ढासळलं. डिसेंबर 1951 मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. दुखणं हटलं नाही. 1952 मध्ये ऑड्रीशी घटस्फोट झाला आणि ऑगस्टमध्ये पिणं व प्रयोग बुडवणं यापायी ऑप्रीनं त्याला काढलं. डॉक्टर म्हणवणारा एक भोंदू त्याला झोपेचं जबर औषध देऊ लागला. याच दशेत, 23 सप्टेंबरला, शेवटच्या ध्वनिमुद्रणात त्यानं ‘युअर चीटिन हार्ट’ गायलं. त्याचं यश पाहायला तो उरला नाही.

1 जानेवारी 1953 ला ओहायोतल्या कँटनला कार्यक्रम होता. हवामान खराब, विमानानं जाणं जमेना, म्हणून कॉलेजात शिकणारा एक मुलगा त्याची कॅडिलॅक चालवत होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिलला त्यानं मागे वळून पाहिलं, तर हँकचं अंग गार पडलेलं. कँटनच्या मंचावरून मृत्यूची बातमी सांगितली तेव्हा लोक आधी हसले. पुन्हा पिऊन पडला असेल आणि ही नवी सबब, असं त्यांना वाटलं. मग पडद्याआडून त्याचं ‘आय सॉ द लाइट’ ऐकू येऊ लागलं, आणि सभागृहाला ते पटलं.

4 जानेवारीला माँटगोमेरीत अंत्यदर्शनाला सुमारे वीस हजार लोक लोटले. एका कृष्णवर्णीय गायकसंचानं भजन म्हटलं. कृष्णवर्णीय श्रोत्यांना मात्र वर सज्जात बसवलं होतं. हँकची समाधी आजही शहरातली पाहण्याची जागा आहे. उंच संगमरवरी स्मारक, आणि पायाशी दगडात कोरलेली टोपी. टी-टॉट 1939 मध्ये याच माँटगोमेरीत, गरिबीत वारला. त्याला लिंकन दफनभूमीत पुरलं. तिथे त्याच्या नावाचा दगड नंतर बसवला गेला, पण त्याला नेमकं कुठे पुरलंय हे कोणालाच ठाऊक नाही.