घरगुती दूरचित्रवाणी ग्रहण आणि बूस्टर : सेलू परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
दूरचित्रवाणी संचावरील चित्र अस्पष्ट झाले की बूस्टर बसविणे हा उपाय सर्वसाधारण ग्राहकाला प्रथम सुचतो. परंतु बूस्टर हे सिग्नल निर्माण करणारे साधन नसून आलेल्या सिग्नलची शक्ती वाढविणारे साधन आहे. सिग्नलबरोबर आलेला गोंगाटही ते तितकाच वाढविते. त्यामुळे बूस्टरची उपयुक्तता त्याच्या किमतीपेक्षा तो कोठे बसविला यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील सेलू या तालुक्याच्या गावाचे भौगोलिक स्थान लक्षात घेऊन बूस्टरचे कार्य, त्याच्या मर्यादा व आजच्या काळातील त्याचा योग्य वापर यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : बूस्टर, अँटेना, गोंगाट, डेसिबल, डिश, सेलू.

प्रस्तावना :
मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. तथापि मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने पोहोचण्यास पुढे एक तप जावे लागले. १९८४ च्या सुमारास देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने विस्तारले आणि २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा लहान गावांतही संचासमोर गर्दी होऊ लागली. माळवदावर किंवा गच्चीवर उभा केलेला लोखंडी पाइप आणि त्यावरील अॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना हे त्या काळातील परिचित दृश्य होते. एकाने वर चढून पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आले’, ‘गेले’ असे ओरडून सांगायचे, ही अनेक घरांतील रविवार सकाळची रीत होती. एवढे करूनही पडद्यावरील मुंग्या जात नसत. मग बाजारातून बूस्टर आणला जाई. काही घरांत त्यामुळे चित्र स्वच्छ होई, तर काही घरांत मुंग्याच अधिक ठळक होत. एकच साधन दोन घरांत दोन प्रकारे का वागते, या प्रश्नाचे उत्तर बूस्टरच्या कार्यपद्धतीत आहे.

उद्दिष्टे :
१. सेलू परिसरात सिग्नल क्षीण का होत असे याची कारणे स्पष्ट करणे.
२. बूस्टरचे कार्य व त्याची योग्य जागा सोप्या उदाहरणांनी समजावून देणे.
३. भूपृष्ठीय अॅनालॉग प्रक्षेपण बंद झाल्यानंतर बूस्टरचा उपयोग कोठे उरला आहे हे दाखविणे.

सेलूचे स्थान व सिग्नलची वाट :
सेलू हे मनमाड-परभणी लोहमार्गावरील गाव परभणीच्या वायव्येस, सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर आहे. उच्च शक्तीचा प्रक्षेपक असलेले अंबाजोगाई दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवर येते. जिल्ह्याच्या ठिकाणी बसविलेले कमी शक्तीचे प्रक्षेपक प्रारंभी बहुधा १०० वॅटचे असत व त्यांची भरवशाची कक्षा साधारणतः २० ते २५ किलोमीटर असे. म्हणजे सेलूसारखे गाव जवळच्या लहान प्रक्षेपकाच्या कक्षेबाहेर आणि मोठ्या प्रक्षेपकाच्या कडेला पडत असे. बूस्टरची मागणी अशाच मधल्या पट्ट्यात अधिक असते.

दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्यांना क्षितिजाची मर्यादा पडते. वातावरणात लहरी किंचित वाकतात हे गृहीत धरता, मीटरमधील उंचीच्या वर्गमुळास ४.१२ ने गुणले असता क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. मनोरा १०० मीटर उंच व घरावरील अँटेना ९ मीटर उंच असेल, तर ही अंतरे अनुक्रमे सुमारे ४१ व १२ किलोमीटर, म्हणजे एकूण सुमारे ५३ किलोमीटर होतात. अंबाजोगाईसारख्या स्थानाला बालाघाटच्या उंचीचा लाभ मिळतो. म्हणून अधिक अंतरावरही सिग्नल पोहोचू शकतो, परंतु तो क्षीण असतो.

या हिशेबातून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. सपाट प्रदेशात अँटेनाची उंची दुप्पट केल्यास मिळणारी शक्ती सैद्धान्तिकदृष्ट्या सुमारे चौपट होते. ही वाढ गोंगाट न वाढविता मिळते. म्हणूनच पाइप उंच करणे व अँटेनाचा रोख अचूक साधणे हा बूस्टरच्या आधीचा उपाय ठरतो. अँटेनाच्या काड्यांची लांबीही मनमानी नसते. २०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मीटर असते आणि मुख्य काडी तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर असते. जपानमध्ये यागी आणि उदा यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या रचनेवर हा अँटेना आधारलेला आहे.

बूस्टरचे कार्य :
सिग्नलची वाढ किंवा घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल वाढ म्हणजे शक्ती दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट व २० डेसिबल म्हणजे शंभरपट. २० डेसिबलचा बूस्टर शक्ती शंभरपट करतो हे खरे. परंतु चित्राची स्वच्छता केवळ शक्तीवर ठरत नाही. सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे, यावर ती ठरते. हा गोंगाट काही अंशी बाहेरून येतो आणि काही अंशी प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण स्वतःच त्यात भर घालते.

कीर्तनाचे उदाहरण घेता येईल. मंडपाच्या शेवटच्या रांगेत कीर्तनकाराचा आवाज पुसट येतो. ध्वनिवर्धकाचा माईक कीर्तनकारासमोर ठेवला तर शब्द शेवटपर्यंत स्पष्ट जातात. तोच माईक शेवटच्या रांगेत ठेवला तर पुसट शब्दांबरोबर भोवतालचा गलबलाही मोठा होतो. यंत्र एकच असते; जागा बदलल्याने परिणाम बदलतो. बूस्टरचेही तसेच आहे.

हा फरक आकड्यांत मांडता येतो. समजा, एका घरात अँटेनापासून संचापर्यंतच्या वायरमध्ये ६ डेसिबल व दोन संचांसाठी लावलेल्या स्प्लिटरमध्ये ४ डेसिबल घट होते, आणि संच स्वतः ८ डेसिबल इतका गोंगाट मिसळतो. बूस्टर नसताना एकूण हानी १८ डेसिबल होते. आता २० डेसिबल वाढ देणारा व स्वतः ३ डेसिबल गोंगाट मिसळणारा बूस्टर अँटेनाजवळच, पाइपवर बसविला तर एकूण हानी सुमारे ४ डेसिबलवर येते. तोच बूस्टर खाली संचाशेजारी बसविला तर ती सुमारे १३ डेसिबल राहते. पहिल्या स्थितीत १४ डेसिबलचा लाभ होतो, दुसऱ्या स्थितीत केवळ ५ डेसिबलचा. हाताळण्याच्या सोयीसाठी बूस्टर संचाच्या मागे बसविणाऱ्या घरांची निराशा का होत असे, हे यावरून स्पष्ट होते. पाइपवरील बूस्टरला वीज नेण्यासाठी वेगळी तार लागत नाही. घरातील अडॅप्टरमधून त्याच वायरने ती वर पाठविता येते.

बूस्टरच्या मर्यादा :
पहिली मर्यादा अशी की, अँटेनापाशीच सिग्नल गोंगाटात बुडालेला असेल तर कोणताही बूस्टर तो वर काढू शकत नाही. दुसरी मर्यादा याच्या उलट आहे. सिग्नल आधीच सशक्त असताना बूस्टर लावला तर बूस्टर किंवा संच अतिभाराने विकृती निर्माण करतो व चित्र बिघडते. तिसरी मर्यादा परावर्तनाची आहे. टाकी, इमारत वा टेकडीवरून परतलेल्या लहरींमुळे पडद्यावर दुहेरी प्रतिमा दिसत असे. बूस्टर दोन्ही प्रतिमा सारख्याच वाढवी. चौथी बाब जोडणीची आहे. गंजलेली पिन, पाणी शिरलेली वायर किंवा सैल झालेला सांधा हा दोष कायम ठेवून बूस्टर लावणे म्हणजे गळकी घागर तशीच ठेवून नळ मोठा सोडण्यासारखे आहे.

आजची स्थिती :
प्रसार भारतीने भूपृष्ठीय अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मोजकी सामरिक महत्त्वाची ठिकाणे वगळता ही प्रक्रिया २०२२ पर्यंत पूर्ण झाली. दूरदर्शनचे डिजिटल भूपृष्ठीय प्रक्षेपण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झाले. त्यांत औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, समावेश होता. परंतु सेलूपासून ते शहर सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर आहे. त्यामुळे सेलूच्या गच्चीवर जुना काड्यांचा अँटेना व नवा बूस्टर लावून ‘मोफत वाहिन्या’ मिळतील, ही अपेक्षा निराधार आहे. वाढविण्यासारखे काही तेथे पोहोचतच नाही.

मोफत वाहिन्यांसाठी आज मुख्य मार्ग आहे तो डीडी फ्री डिशचा. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. सेलूहून हा उपग्रह आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या डिशचा रोख दीड अंशाने चुकला तरी मिळणारी शक्ती जवळपास निम्मी होते. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीमध्ये सशक्त वर्धक असतोच. म्हणजे बूस्टर योग्य जागी आधीच बसविलेला असतो. डिशपासून खोलीपर्यंत वायर फार लांब असेल तरच वेगळ्या वर्धकाची गरज पडते. मुसळधार पावसात चित्र जाते ते पावसाच्या थेंबांत लहरी शोषल्या गेल्यामुळे, आणि त्यावर घरातील बूस्टर हा उपाय नाही.

केबल जोडणीत मात्र बूस्टरला मर्यादित स्थान आहे. एका जोडणीवर तीन-चार खोल्यांतील संच चालवायचे असतील तर चार वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर सुमारे ७ ते ८ डेसिबल घट करतो. अशा वेळी स्प्लिटरच्या आधी लहान वर्धक लावणे योग्य ठरते. नंतर लावणे नव्हे.

डिजिटल प्रक्षेपणात आणखी एक अडचण संभवते. अॅनालॉग चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत असे व दोष वेळीच दिसे. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष असते आणि मग एकदम चौकोनांत तुटून नाहीसे होते. क्षीण सिग्नल व अतिभार यांचे लक्षण सारखेच दिसते. म्हणून सेट-टॉप बॉक्सवर दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी केवळ ‘शक्ती’ न पाहता ‘गुणवत्ता’ पाहणे आवश्यक आहे. शक्ती भरपूर व गुणवत्ता कमी असेल, तर बूस्टरऐवजी डिशचा रोख व जोडणी तपासावी.

‘बूस्टर’ या एकाच नावाने मोबाइलचे बूस्टरही विकले जातात. दूरचित्रवाणीचा बूस्टर केवळ ग्रहण करतो. मोबाइलचा बूस्टर लहरी पुन्हा प्रक्षेपित करतो. परवानाधारक दूरसंचार सेवादात्यांव्यतिरिक्त इतरांनी तो बसविणे बेकायदेशीर आहे. ग्राहकाने हा भेद ध्यानात ठेवावा.

सामाजिक संदर्भ :
हा विषय केवळ करमणुकीचा नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर दाखविण्यात आली. ज्या घरात मोबाइल वा इंटरनेट नव्हते, त्या घरातील मुलाची शाळा त्या काळात संचाच्या पडद्यावर होती. तेथे तुटणारे चित्र म्हणजे बुडालेला पाठ होता. अशा घराने गरज नसलेल्या बूस्टरवर पैसे खर्च करणे आणि सैल पिन मात्र तशीच राहणे, ही हानी तांत्रिक अज्ञानातून होते आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

समारोप :
सिग्नल सुधारण्याचा क्रम असा असावा : प्रथम सिग्नल आपल्या स्थानी पोहोचतो का हे जाणून घ्यावे, नंतर रोख व उंची साधावी, त्यानंतर वायर, पिन व सांधे तपासावेत, अनावश्यक स्प्लिटर काढावेत, आणि तरीही वाटेतील घट उरली तरच, घट होण्यापूर्वीच्या जागी बूस्टर बसवावा. गच्चीवरील लोखंडी पाइप जमिनीशी तारेने जोडणे विजेच्या दृष्टीने अगत्याचे आहे. या क्रमात बूस्टर शेवटी येतो. जे पोहोचले आहे ते वाटेत हरवू न देणे एवढेच त्याचे काम आहे. जे पोहोचलेलेच नाही ते आणण्याचे सामर्थ्य त्यात नाही.