चांदी खरी, नाणं खोटं

१५८० ते १६४० अशी साठ वर्षं स्पेन आणि पोर्तुगालच्या गादीवर एकच राजा होता. कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहिला, तरी गोवा, चौल, वसई आणि आपल्या उरणजवळचं करंजा या काळात स्पेनच्या फिलिप राजांच्या मुलखात मोडत होतं. त्यामुळे जुन्या स्पॅनिश नाण्यांच्या खरेपणाचा प्रश्न नवी मुंबईत बसून विचारला, तर तो परका वाटण्याचं कारण नाही.

आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली. मेक्सिकोची टांकसाळ त्याआधीच सुरू झाली होती, पोटोसीची १५७४ मध्ये निघाली. तिथलं मोठं नाणं आठ रिआलचं. वजन सुमारे सत्तावीस ग्रॅम आणि शंभरात त्र्याण्णव भाग चांदी. चांदीच्या पट्टीचे तुकडे पाडायचे, कडा छाटून वजनाला आणायचे आणि हातोड्याने छाप मारायचा, अशी सगळी घाई. नाणं वेडंवाकडं निघे, अर्धी अक्षरं छापाबाहेर जात. पण टांकसाळीची खूण आणि कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं आद्याक्षर त्यावर असे. हाच त्या नाण्याचा जामीन. १६४०च्या दशकात पोटोसीत हा जामीनच फितूर झाला. अधिकाऱ्यांनीच चांदीत हीण मिसळलं. चौकशी झाली, कस पाहणाऱ्याला मृत्युदंड मिळाला आणि १६५२ पासून नाण्याचा छापच बदलला.

आपल्याकडच्या सराफाने असल्या जामिनावर कधी विसंबून व्यवहार केला नाही, आणि मला त्याचं मोठं कौतुक वाटतं. नाणं कोणत्या राजाचं, हा प्रश्न त्याच्यासाठी दुसरा. आधी तराजू, मग कसोटी, मग बट्टा म्हणजे वजावट. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलंय की कसोटीच्या दगडावर उमटलेली सोन्याची रेघसुद्धा सराफ वाया जाऊ देत नसत. डांबर आणि मेणाच्या गोळ्याने ती टिपून घेत आणि पुढे गोळा जाळून सोनं काढत.

राज्यकर्तेही हीच भाषा बोलत. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांचं नाणं स्वराज्यात चालावं असं एक कलम त्याच्या मागण्यांत होतं. उत्तर असं मिळालं की ज्यात प्रजेचं नुकसान होईल असं नाणं घेण्याची सक्ती महाराज करणार नाहीत. ते मुघलांच्या आणि इतरांच्या नाण्यांइतकं कसाचं आणि वजनाचं असेल तर त्याला मनाईही नाही. मुंबईत इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने १६७२ मध्येच टांकसाळ काढली होती, पण तिच्या नाण्यांना बेटाबाहेर फारसं कुणी विचारत नव्हतं. अखेर १७१७ मध्ये फर्रुखसियरच्या फर्मानाने वाट मोकळी झाली आणि इंग्रज कंपनी मुंबईत मुघल बादशहाच्या नावाचे रुपये पाडू लागली. कंपनीच्या टांकसाळीतले बादशाही रुपये बाजाराने खरे मानले, कारण त्यांत चांदी पुरेपूर होती.

आठ रिआलच्या नाण्यांचं इथे काय झालं, तेही यातूनच उलगडतं. जहाजांतून ती पेट्या भरभरून सुरतेला उतरत आणि टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये होत. फारसी अक्षरं उमटवलेल्या असंख्य रुपयांत मेक्सिको आणि पोटोसीची चांदी आहे. म्हणून आज कुणी सोळाव्या शतकातलं स्पॅनिश नाणं दाखवून ‘कोकणातल्या जुन्या वाड्यात मिळालं’ म्हणाला, तर माझी शंका आधी त्या गोष्टीवर जाते, नाण्यावर नंतर. इतकी नाणी आटवली गेल्यावर हे एकच कसं वाचलं, याचं उत्तर विकणाऱ्याने द्यायला हवं.

मधल्या काळात लबाडीनेही आपली जागा बदलली. पूर्वीचा बनावटखोर चांदी चोरायचा. आता नाण्याची किंमत त्यातल्या चांदीहून कितीतरी अधिक असते, म्हणून तो चांदी चोख घालतो आणि इतिहास खोटा जोडतो. सराफाची कसोटी इथे अपुरी पडते. ओतीव नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ दिसते, भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतात, अक्षरं बोथट असतात. हातोड्याने पाडलेल्या नाण्यांबाबत तर एक पक्की खूण आहे: घाव दोनदा अगदी तसाच बसत नाही. दोन नाण्यांची कड, भेग आणि छापाचं सरकणं तंतोतंत जुळलं, तर त्यांतलं निदान एक खोटं असतं.

आपल्या शिवराईचंही हेच दुखणं आहे, फक्त थोडं वेगळं. तांब्याची शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ पडत राहिली. दुदांडी शिवराई तर पेशवाईतली. नाणं अस्सल असतं, पण ‘महाराजांच्या काळातलं’ म्हणून विकलं जातं. सोन्याचा होन इतका दुर्मीळ की त्याच्या नकलाच जास्त फिरतात. महाराजांचं नाव ऐकून पैसे मोजणाऱ्या माणसाची अशी फसवणूक मला साध्या चोरीहून वाईट वाटते. माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरचा १९८९ चा ग्रंथ आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे. विकत घेण्याआधी तिथवर पोचणं अवघड नाही.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र मातीत असतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसं न होता हंडीतली नाणी वाटून घेतली, तर ती कोणत्या नाण्यांबरोबर पुरलेली होती हे कायमचं पुसलं जातं. चांदीची तार दुमडून केलेल्या लारी या किनाऱ्यावर चालत, विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही त्या पाडल्या. अशा लारींच्या हंडीत एखादं आठ रिआलचं नाणं निघालं आणि हंडी जशीच्या तशी नोंदली गेली, तर ते इथे कधीच्या सुमारास आलं आणि टांकसाळीच्या भट्टीतून वाचून कुणाच्या साठ्यात राहिलं, हे सांगता येईल.